ओहोटीचे बंदर आणि चार बोल्ट

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या तयार करणे, तोही आता बंद, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो पण अक्षर लागते, आणि पुढचा मजकूर मला कोणी पढवलेला, दटावलेला किंवा गोड बोलून वदवून घेतलेला नाही. गोड बोलण्याचा प्रयत्न जावयाने केला होता. त्याचा समाचार कलम तीनमध्ये घेतला आहे.

माझी शुद्ध शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो दातांच्या डॉक्टरांचा आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, दाखला खऱ्या डॉक्टरांचा लागतो." मी म्हणालो, "तीस वर्षं मी त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत काम केलंय. माझं डोकं त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणी खाल्लेलं नाही. आता किती उरलंय ते त्यांनाच ठाऊक." तरीही त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडून एक कागद मागवलाच. त्यात माझ्या डोक्याबद्दल चांगले आणि हृदयाबद्दल वाईट लिहिले आहे. म्हणून ही घाई.

मृत्युपत्र थोडक्यात असावे असेही वकीलबाईंचे म्हणणे. त्यांनी माझी अर्धी वाक्ये खोडली, मी ती परत घातली, त्यांनी परत खोडली. शेवटी असे ठरले की कायदा त्यांचा आणि पाल्हाळ माझे. याआधी मी लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते. हेही रागातच लिहीत आहे, पण सावकाश.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचे माझे राहते घर, आतल्या सामानासकट, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. बाल्कनीचे दार अडकते. ते थोडे उचलून ढकलावे लागते, लाथ मारून उघडत नाही, हे मी या घरात चाळीस वर्षे सांगत आलो. पालथ्या घड्यावर पाणी. आता लेखी देतो.

कलम दोन. माझी हत्यारे, म्हणजे मेण कापायच्या सुऱ्या, कोरण्या, प्लास्टर कालवायचे दोन रबरी वाडगे आणि साचा फोडायची छोटी हातोडी, हीही मुलीलाच. चौदा वर्षांची असताना यातल्याच एका कोरणीने तिने प्लास्टरची मांजर कोरली होती, दाढेपेक्षा लहान, कान दोन्ही सारखे. एवढे चांगले काम मला पहिल्या पाच वर्षांत जमले नव्हते. हे मी तिला तेव्हा सांगितले नाही, कारण पोरे चढून बसतात. आता सांगतो.

कलम तीन. जावई. घरातल्या आतल्या मोठ्या खोलीत, तीन मीटर लांबीच्या टेबलावर, माझे बंदर आहे. छोट्या रेल्वेचे बंदर, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे, ज्यात धडधाकट माणूस दोन सेंटिमीटर भरतो. धक्का, गोदामे, माल उचलायची यारी, होड्या, आणि धक्क्यावरून जाणारे रूळ. माझा जावई या खोलीत शिरला की बंदराकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. खिशातून पट्टी काढतो आणि खोलीची लांबी मोजतो. सहा वर्षांत निदान दहा वेळा मोजली असेल. मागच्या खेपेपेक्षा खोली वाढली असेल अशी त्याला आशा असावी. "बाबा, एवढी जागा नुसती अडकून पडलीये हो," असे तो म्हणतो. तुमच्या तब्येतीला मोकळी हवा हवी, असेही म्हणतो, आणि डोळे मात्र पट्टीवर. त्याला मी माझी लोखंडी मोजपट्टी देतो. ती तीन मीटरपर्यंतच जाते, त्यामुळे मोजताना त्याला दर वेळी माझ्या टेबलाची आठवण होईल.

मनाने तो वाईट नाही. बोलावले की येतो, न बोलावताही येतो. हे वाक्य मुलीच्या सांगण्यावरून घातले आहे.

कलम चार. दातांचे डॉक्टर. तीस वर्षे पेशंट आरशात बघून हसले आणि आभार डॉक्टरांचे मानले. दात माझ्या हातचे. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी नवी कवळी लावून शीळ घातली, अख्खा दवाखाना टाळ्या वाजवत होता, आणि मी मागच्या खोलीत प्लास्टरच्या पिंपाला टेकून ऐकत होतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले नाही. आता वकीलबाईंनी मला असे सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. फार चांगला कायदा आहे. डॉक्टरांना मी पहिला साक्षीदार नेमतो.

कलम पाच. छोट्या रेल्वेवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या प्रदर्शनात यांनी माझ्या बंदराला दुसरा नंबर दिला आणि शेऱ्यात लिहिले, "कलाकुसर उत्तम, परंतु फार घाण." पहिला नंबर आला एका डोंगरावरच्या गावाला. त्या डोंगरावरचे बाजारातून आणलेले हिरवे गवत बघून गायीनेसुद्धा तोंड फिरवले असते. अध्यक्षांना मी माझ्या मांडणीवरच्या आठ बरण्या देतो. त्यांवर चिठ्ठ्या आहेत: चुलीची काजळी, फाटकाचा गंज, पंख्यावरची धूळ, वाळवलेला चहाचा चोथा, वगैरे. चोथ्याचा चिखल होतो, काजळीचा गोदामाच्या छपरावरचा धूर होतो. घाण म्हणजे काय हे अध्यक्षांनी बरण्या उघडून शिकावे. झाकणे घट्ट आहेत, त्यांनी स्वतः उघडावीत.

कलम सहा. आता बंदर. त्याला खेळणे म्हणणाऱ्याने हे कलम सोडून पुढे जावे.

धक्क्याची भिंत मी दातांचे साचे ओततात त्या प्लास्टरची ओतली आणि तिच्यातला एकेक दगड दात कोरायच्या सुईने कोरला. मग भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा मारला. ही, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन आली, वाकून बघितले आणि म्हणाली, "ही भिंत आहे की टॉवेलचा काठ?" पट्टा अगदी सरळ आला होता. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच निवला.

त्यानंतर ओळीने सहा रविवार मी खऱ्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळेला घडीची खुर्ची टाकून बसलो. पहारेकऱ्याला वाटले हा हेर आहे. त्याने विचारले, "काय बघताय?"

"शेवाळ."

"कशाला?"

"घरी लावायचंय."

दुसऱ्या रविवारपासून तो मला चहा देऊ लागला. वेड्याशी गोडीने वागावे असे त्याला कोणीतरी शिकवले असणार. पण मला भिंत कळली. सगळ्यात खाली काळपट ओले, त्यावर बुळबुळीत हिरवे, त्याच्याही वर, भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते तिथे, बारीक शिंपल्यांचा खरखरीत पांढरा पट्टा, आणि मग कोरडा दगड. शिंपल्यांसाठी मी फुटक्या साच्यांचा भुगा वापरला. ज्याला समुद्र कळतो त्याला माझी भिंत बघून घड्याळ न बघता सांगता येईल की ही ओहोटीची वेळ आहे आणि पाणी पुरुषभर खाली गेले आहे.

पाणी म्हणजे पारदर्शक व्हार्निशचे अठरा हात. त्यावर तेलाचा एक तवंग, एक तरंगती फळी, एक पायातली चप्पल. चप्पल कोणाची ते मी सांगत नाही. मासे धरायची जाळी हिच्या विरलेल्या मोज्यांची. गंज खरा, भांडी घासायची लोखंडी जाळी व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून काढलेला. पक्ष्यांची शीट टूथब्रशवर पांढरा रंग घेऊन अंगठ्याने उडवायची. किती रंग, किती लांबून, कुठल्या छपराच्या कुठल्या कडेवर, हे समजायला माझे एक वर्ष गेले. पक्षी कडेवर बसतो, मधोमध बसत नाही. ज्यांच्या बंदरात छपराच्या मधोमध शीट असते त्यांनी पक्षी पाहिलेला नसतो.

चार होड्या भिंतीतल्या लोखंडी कड्यांना बांधल्या आहेत. कड्या वेडेवाकडे दात सरळ करायच्या तारेच्या, दोर मेण लावलेल्या दोऱ्याचे, आखूड आणि ताठ. ढिला दोर मला बघवत नाही. कड्या मी पाण्यालगत बसवल्या, खलाशाच्या हाताशी याव्यात म्हणून. ही एकदा म्हणाली, "पण या होड्या सोडणार कोण?" मी म्हणालो, "खलाशी." ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'चा अर्थ मला संसारात कधी लागला नाही.

असे हे बंदर मी मंडळाला देतो. अध्यक्षांबद्दल माझे मत वर दिले आहे, पण दुसरे कोणी घेणारे नाही. अट एकच. ते कोणत्याही स्टेशनाला जोडू नये. विशेषतः त्या स्टेशनाला.

कलम सात. ते स्टेशन. हे कलम मेहुण्याचे आहे, म्हणजे हिच्या धाकट्या भावाचे. धंद्याने घड्याळजी. घरात त्याला सेकंदकाटा म्हणतात, तोंडावरसुद्धा.

बंदर आणि स्टेशन हे एकाच रेल्वेचे दोन तुकडे. बावीस वर्षे आम्ही दोघांनी ते मिळून केले. रूळ, विजेचे काम, इंजिने त्याची. माती, पाणी, गंज, घाण माझी. स्टेशन त्याच्या ताब्यात आणि बंदर माझ्या. दोन्ही फळ्या चार बोल्टांनी जोडलेल्या होत्या. ते बोल्ट त्याने घड्याळांच्या लेथवर स्वतः कातले होते, आणि ते लावले की इकडचा रूळ तिकडच्या रुळाला केसाचाही फरक न राहता भिडायचा. दुसरे कुठलेही बोल्ट लावले की गाडी तिथे घसरायची. रोज संध्याकाळी पाचची गाडी स्टेशनातून सुटून बंदरावर यायची. सेकंदकाटा हातातल्या घड्याळाकडे बघत उभा राहायचा आणि ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "आली का रे पाचची?"

त्याच्या स्टेशनात धूळ नव्हती. खांबावर गंज नव्हता, फलाटावर थुंकी नव्हती, बाकावर उतारू होते तेही ताठ बसलेले. ही म्हणायची, "अरे, हे स्टेशन आहे की इस्पितळ? एक तरी पक्षी शिटू दे त्याच्यावर." छपराची लाल कौले तिनेच रंगवली होती, त्यामुळे तिला बोलायचा अधिकार होता. तो म्हणायचा, "माझ्या हद्दीत पक्षी येत नाहीत, ताई."

मग ती गेली. सव्वाअकरा वर्षे झाली. ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी एका दुपारी तिची इच्छा म्हणून स्टेशनाच्या छपरावर शीट उडवली. सतरा ठिपके, सगळे कडेने. त्याला न विचारता. साडेचारला तो आला, बघितले, आणि खिशातून फडके काढून स्पिरिटने पुसायला लागला. शीट गेली, आणि तिच्याबरोबर तिने रंगवलेली कौलेही गेली. खालचा पांढरा पुठ्ठा दिसायला लागला.

मी म्हणालो, "तिचा हात पुसलास तू."

तो म्हणाला, "भावोजी, आधी तुम्ही तिच्यावर घाण उडवलीत."

लोक राईचा पर्वत करतात, आम्ही शिटेचा केला. ती असती तर तिने दोघांच्या पाठीत एकेक धपका घालून विषय संपवला असता. ती नव्हती, म्हणूनच भांडण झाले आणि म्हणूनच मिटले नाही. मी पाना आणला, चारही बोल्ट काढले आणि सांगितले, "उचल तुझं स्टेशन." त्या दिवशी पाचची गाडी सुटली नाही. तो स्टेशन घेऊन गेला, इंजिने सगळी घेऊन गेला. पुढे त्याने तीन वेळा निरोप पाठवला की भावोजी, निदान चार बोल्ट द्या. मी उत्तर पाठवले की बोल्ट समुद्रात टाकले. आणि ते मी खरेच समुद्रात टाकले आहेत, हे या ठिकाणी शपथेवर लिहितो.

तो दोन गल्ल्या सोडून राहतो. ऐकतो की त्याची गाडी रोज पाच वाजता सुटते, फळीच्या टोकापर्यंत येते, थांबते आणि मागे जाते. इकडे माझ्या धक्क्यावरचे रूळ टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन तुटतात. हमाल उभे आहेत, माल उतरवायला कोणी येत नाही.

मेहुण्याला या मृत्युपत्रातून काही मिळू नये. कलम चारमधला कायदा लक्षात घेऊन त्याला मी दुसरा साक्षीदार नेमतो, म्हणजे मागाहून कोणी दया दाखवायची सोय राहणार नाही. वकीलबाईंच्या सहीने त्याला पत्र गेले. उलट टपाली उत्तर आले: "हजर राहीन. दहा म्हणजे दहा की साडेदहा?"

हे कलम टाइप करताना वकीलबाई थांबल्या. "काका, एक विचारू? तुम्हाला नेमकं काय हवंय?"

मी म्हणालो, "काही नको. लिहा पुढे."

मला त्या रुळांवर गाडी आलेली बघायची आहे. एकदा. मेलेल्या माणसाच्या इच्छा लिहायच्या कागदावर ही इच्छा बसत नाही, कारण ती मेल्यावर पुरी होऊन मला उपयोग नाही. वकीलबाई घरी गेल्यावर हे वाक्य मी पेनाने घातले आहे.

कलम आठ. मी गेल्यावर भाषणे नकोत. अध्यक्षांना तर मुळीच बोलू देऊ नये, त्यांना सुरुवात सापडते, शेवट सापडत नाही. माझी कवळी काढून ठेवू नये. ती माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले काम आहे आणि ती घालूनच मला न्यावे.

सही करण्यापूर्वी हाताने जोडलेला मजकूर.

आज सही व्हायची होती. दहाला एक मिनिट कमी असताना जिन्यावर पावले वाजली आणि दारापाशी थांबली. दार वाजले ते बरोबर दहाला. अकरा वर्षांत मेहुणा वाळला आहे. केस गेले, घड्याळ तेच. डॉक्टर आधीच येऊन बसले होते, जावई आणि मुलगीही होती. वकीलबाईंनी साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवला. तसे करायची गरज नसते असे मला नंतर कळले. मला वाटते त्यांनी ते मुद्दाम केले. पेनाने घातलेले वाक्यही त्यांनी वाचले.

वाचून झाले. मेहुणा म्हणाला, "सही करण्याआधी मालमत्ता बघितलेली बरी." आणि उठून आतल्या खोलीत गेला. आम्ही सगळे मागोमाग.

त्याने खिशातून घड्याळजीचे भिंग काढून डोळ्याला लावले आणि माझी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मी शांत होतो. भिंतीत खोड काढायला जागाच नव्हती.

"भावोजी, ओहोटी आहे ना?"

"शेवाळ कळतं ना तुला? पुरुषभर ओहोटी."

"म्हणजे भरतीला पाणी इथवर चढणार." त्याने चिमट्याचे टोक पांढऱ्या पट्ट्यावर टेकवले.

"चढणारच."

"मग या कड्या?" चिमटा खाली आला. "भरतीला कड्या पाण्यात, पुरुषभर खोल. दोर टीचभर. होड्या वर उचलल्या जाणार नाहीत, जागच्या जागी बुडतील. सोडायला काय मासे येणार?"

मी बघितले. मग परत बघितले. सहा रविवार धक्क्यावर बसलो, अठरा हात व्हार्निश दिले, दुसऱ्याच्या गवतावर शेरे मारले, आणि माझ्या बंदरातल्या चारही होड्या रोज दोन वेळा बुडत होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते म्हणतात, माझ्या डोळ्यात यारीसकट मुसळ होते. हिने हेच विचारले होते. या होड्या सोडणार कोण? आणि मी तिला खलाशी सांगितले होते.

मी म्हणालो, "तुझी ताई हेच म्हणाली होती."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"खलाशी."

तो हसायला लागला. आधी आवाज न करता, खांदे हलवत, ती हसायची अगदी तसा. मग मीही हसलो, इतका की कवळी हलली, आणि डॉक्टर घाबरून माझी नाडी बघायला लागले. हसता हसता मला रडू आले ते सगळ्यांनी बघितले. लपवण्याचे वय गेले.

मी वकीलबाईंना सांगितले, "कलम सहा खोडा. बंदर याला."

त्या म्हणाल्या, "देता येणार नाही. हे साक्षीदार आहेत. तुम्हीच तशी व्यवस्था केलीये." मग म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार शोधू. खालच्या मजल्यावरचं कोणी चालेल. सोमवारी करू."

"आणि मग मला मरावं लागेल."

"ते तर लागेलच."

"म्हणजे बंदर त्याला मिळणार, पण मी बघायला नसणार." मग मला सुचले. "मेल्यावरच द्यावं असं कुठं लिहिलंय? आत्ता देतो की."

म्हणून असे लिहून ठेवतो की कलम सहा रद्द. बंदर आता माझ्या मालकीचे नाही, ते आज सकाळी मी माझ्या मेहुण्याला हातोहात दिले, त्यामुळे त्याबद्दल माझी काही इच्छा असण्याचा प्रश्न उरत नाही. कड्या वर घ्याव्यात आणि दोर लांब करावेत हे मी त्याला तोंडी सांगितले आहे. तो म्हणाला, करीन, पण ढिले दोर तुम्हाला बघवतात का? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

जेवण झाल्यावर तो आणि जावई स्टेशन आणायला गेले. दोन मीटरची फळी तीन मजले चढवायची होती. जिन्याच्या वळणावर ती बसेल की नाही यावरून वाद झाला, तेव्हा जावयाने खिशातली पट्टी काढली, मोजले आणि म्हणाला, "तिरकी केली तर बसते." बसली. त्याच्या मोजण्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. खोली आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरली आहे आणि तो घाम पुसत एका कोपऱ्यात उभा आहे. मी गेल्यावर या खोलीचे काय, असे मी मुलीला विचारले. ती म्हणाली, "बाबा, मामाला इथून कोण हलवणार आहे?" हे वकीलबाईंनी कलमात घेतले नाही. मी ऐकले, तेवढे पुरे.

स्टेशनाचे छप्पर मी बघितले. कौले लाल आहेत, पुन्हा रंगवलेली. आणि त्यांवर शीट आहे. मी काही विचारण्याआधीच मेहुणा म्हणाला, "त्या दिवशी पुसताना एकेक ठिपका पाठ झाला होता. आठवून घातली." सतरा ठिपके, माझ्या सतरा ठिपक्यांच्या जागी, एकही इकडचा तिकडे नाही. मी त्याला सांगितले की पक्षी इतका मोजून मापून शिटत नाही.

आता शेवटचे. कलम सातमध्ये मी शपथेवर एक वाक्य खोटे लिहिले आहे. बोल्ट समुद्रात नाहीत. ते कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, तेल लावून फडक्यात गुंडाळलेले. दर वर्षी तेल बदलतो. खोटी शपथ घेतली म्हणून वकीलबाई चिडल्या आहेत, त्यांनी चिडावे. पाच वाजत आले. सही करतो आणि डबा काढतो.

ठिकाण: बंदराची खोली. शनिवार, १६ नोव्हेंबर.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही.

पहिला साक्षीदार, दातांचे डॉक्टर: वरील सही माझ्यासमोर झाली. शीळ घालणाऱ्या बाईंची कवळी यांनीच केली होती. तेव्हा सांगायचे राहून गेले.

दुसरा साक्षीदार, मेहुणा, घड्याळजी: वरील सही माझ्यासमोर चार वाजून पन्नास मिनिटांनी झाली. भावोजी पूर्ण शुद्धीत होते. पाचची गाडी बंदरावर पाच वाजून चार मिनिटांनी पोचली. उशीर: अकरा वर्षे चार मिनिटे. चार मिनिटांचे कारण: डब्याचे झाकण घट्ट होते.